ग्रेसचा आलेख विहिरीशी जुळत नाही: नेमकं कुठे चुकतंय?

ग्रेस या उपग्रहांच्या नोंदींवरून भूजल काढणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की हा प्रश्न दरवर्षी येतोच. विचारणारा बदलतो, जिल्हा बदलतो, तक्रार तीच. या वेळी जिल्हा होता लातूर. "सर, ग्रेसचा डेटा घेतला, मातीतला ओलावा वजा केला, भूजल काढलं. पण २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागत होतं तेव्हा, माझ्या आलेखात भूजल वर चाललंय. आणि पावसाळ्यात खाली येतंय. उपग्रह चुकला का?"

उपग्रह चुकला असण्याची शक्यता फार कमी. असे बरेच आलेख आजवर पाहिले, दोष बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी निघतो. त्यातल्या दोन जागी मी स्वतः आपटलोय. मी ज्या क्रमाने शोधतो त्याच क्रमाने इथे लिहितो, म्हणजे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात लाजिरवाणं आधी.

मोजतात काय, हे दोन ओळींत. ग्रेस ही नासा आणि जर्मनीची अवकाश संस्था डीएलआर यांची उपग्रहांची जोडी. मार्च २००२ मध्ये सुटली, ऑक्टोबर २०१७ पर्यंत चालली. तिची धाकटी जोडी ग्रेस-एफओ मे २०१८ मध्ये गेली. दोन उपग्रह साधारण २२० किमी अंतर राखून एकामागून एक फिरतात. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा आधी ओढला जातो, मागचा नंतर, आणि त्या अंतरातला मायक्रोमीटरांचा फरक नोंदला जातो. महिनाभराच्या नोंदींवरून गुरुत्वाचा नकाशा बनतो, आणि दोन नकाशांतला फरक पाण्याच्या थराच्या जाडीत सांगतात. म्हणजे 'पाणी किती आहे' हे ग्रेस सांगतच नाही. सांगतं ते 'ठरलेल्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त' एवढंच. शिवाय ते वजन मातीतलं, धरणातलं की दोनशे फूट खालच्या खडकातलं, हेही त्याला कळत नाही. पुढचे निम्मे घोळ या दोन गोष्टी विसरल्यामुळेच होतात.

आधी तारखा

फाइलमधल्या ओळी मोजून महिने लावले असतील तर पुढे वाचायची गरज नाही, चूक सापडली. फाइलमध्ये सगळे महिने नसतात. २०११ पासून ग्रेसच्या बॅटऱ्या थकल्या आणि ठरावीक काळाने उपकरणं बंद ठेवावी लागू लागली. एप्रिल २००२ ते जून २०१७ हे १८३ महिने होतात, पण फाइलमध्ये मिळतात १६३. त्यानंतर जुलै २०१७ ते मे २०१८ असे सलग अकरा महिने काहीच नाही, कारण जुनी जोडी संपली होती आणि नवी कामाला लागली नव्हती. आणि नवी आली तरी ऑगस्ट-सप्टेंबर २०१८ पुन्हा रिकामे.

माझा पहिला आलेख मी असाच काढला होता. पायथनमध्ये एका ओळीत लिहिलं, सुरुवात एप्रिल २००२, दर महिन्याला एक, आणि मोकळा झालो. त्या हिशोबाने १६९ वा आकडा येतो एप्रिल २०१६ चा. प्रत्यक्षात १६९ वी ओळ आहे जानेवारी २०१९ ची. पावणेतीन वर्षं पुढचा, तोही हिवाळ्यातला आकडा मी दुष्काळाच्या ऐन उन्हाळ्यावर चिकटवला होता आणि त्यावर दोन पानं विश्लेषण लिहिलं होतं. ती पानं अजून जपून ठेवली आहेत. नवीन मुलांना दाखवायला उपयोगी पडतात.

योगायोग असा की लातूरला पहिली पाण्याची गाडी आली तो एप्रिल २०१६ हा महिना फाइलमध्ये नाहीच. मार्च आहे, मे आहे. आलेखात एप्रिलवर ठिपका दिसत असेल तर तो तुमच्या कोडने घातलाय, उपग्रहाने नाही.

उपाय सोपा आहे. फाइलमधला काळाचा स्तंभ '१ जानेवारी २००२ पासूनचे दिवस' असा असतो, त्यावरूनच तारीख काढा. जिथे महिना नाही तिथे जागा मोकळी सोडा. 'मोकळी जागा बरी दिसत नाही' म्हणून सरळ रेषेने सांधू नका. हे मी जरा जोर देऊन सांगतोय, कारण अकरा महिन्यांची खिंड जून २०१७ ते जून २०१८ अशी सांधली जाते. दोन्ही टोकं मोसमी पावसाच्या तोंडावरची, म्हणजे वर्षातली तळाची. मधली रेघ जवळपास आडवी येते आणि २०१७ चा अख्खा पावसाळा आलेखातून गायब होतो. ऑगस्ट-सप्टेंबर २०१३ चंही तेच. दोन्ही महिने नाहीत, म्हणून त्या वर्षीचं शिखर रेघेखाली कापलं जातं.

आणि कल काढायला मोकळ्या जागा भरायची गरजच नसते. वार्षिक लाट, सहामाही लाट आणि उतार हे तिन्ही एकदमच लघुतम वर्ग पद्धतीने बसवा. आहेत तेवढ्या ठिपक्यांवर ते बसतं. नुसती सरळ रेघ मारली आणि मालिका मे महिन्यात सुरू होऊन सप्टेंबरात संपत असेल, तर पाणी वाढल्याचा भास होणारच. महाराष्ट्रात या दोन महिन्यांतला फरकच एवढा मोठा असतो की छोट्या मालिकेत कल त्याच्याखाली दबतो.

आमच्या लातूरकराच्या तारखा मात्र बरोबर निघाल्या. पुढे गेलो.

खाना लहान, नजर मोठी

"अर्ध्या अंशाचा डेटा आहे, लातूरमध्ये दोन-तीन खाने बसतात, त्यांची सरासरी घेतली." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याच्या आधी मीच पूर्ण करतो.

नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची मॅस्कॉन फाइल (पृथ्वीचे ठरावीक तुकडे पाडून प्रत्येकाचं वस्तुमान काढलेली) अक्षांश-रेखांशाच्या अर्ध्या अंशाच्या खान्यांत येते, हे खरं. पण आतलं गणित तीन अंशांच्या तुकड्यांवर झालेलं असतं. अख्ख्या पृथ्वीचे असे ४,५५१ तुकडे केलेत, म्हणजे एकेक तुकडा साधारण १.१२ लाख चौरस किमीचा. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३.०८ लाख चौरस किमी. म्हणजे अख्खा महाराष्ट्र पावणेतीन तुकड्यांत आटोपतो. लातूर जिल्हा ७,१५७ चौरस किमी, एका तुकड्याचा पंधरावा हिस्सासुद्धा नाही. अर्ध्या अंशाचे खाने हे वाटपाच्या सोयीसाठी आहेत. एका भाकरीचे चाळीस तुकडे केले म्हणून चाळीस भाकऱ्या होत नाहीत.

पटत नसेल तर आत्ता करून बघा. गुणक (त्याचं पुढे सांगतो) न लावलेली मूळ फाइल उघडा, लातूरचा एक खाना आणि शेजारचे चार-सहा खाने घ्या, कुठल्याही एका महिन्याचे आकडे छापा. शेवटच्या दशांशापर्यंत तेच आकडे ओळीने येतील, आणि तुकड्याची हद्द ओलांडली की एकदम उडी. मी मुलांना हे स्वतःच्या हाताने करायला लावतो. सांगून जे होत नाही ते त्या एकसारख्या आकड्यांकडे बघून होतं.

टेक्सास विद्यापीठाच्या सीएसआर केंद्राची फाइल पाव अंशाची असते, तिथे हा भ्रम आणखी वाढतो. खाली मोजणी तीच. मॅस्कॉनऐवजी गोलीय हरात्मकांची (गुरुत्वाचा नकाशा लहान-मोठ्या लाटांच्या बेरजेत मांडायची रीत) ६० घातांपर्यंतची मांडणी घेतली तर तपशील साधारण ३३० किमीचा, आणि वर गोंगाट काढणारी गाळणी लावली की आणखी धूसर.

मग जिल्ह्याचं काय करायचं? जिल्ह्याचं काही करायचं नाही. मराठवाडा आणि लगतचा परिसर मिळून दीड-दोन लाख चौरस किमी घ्या, किंवा गोदावरी खोरं घ्या, ते तीन लाखांच्या वर आहे. गोव्याबद्दल विचारणारे भेटतात. ३,७०२ चौरस किमी, वर समुद्राला लागून. तिथे ग्रेस वापरू नका, बस्स. कोकणपट्टीचंही तसंच. जमिनीवरची मोठी लाट आणि समुद्रावरची छोटी यांची सरमिसळ होऊन कोकणचा पावसाळा अर्धामुर्धा दिसतो. मॅस्कॉनमध्ये किनाऱ्यावर जमीन आणि समुद्र वेगळे करायची सोय केलेली असते, पण त्या भरवशावर रत्नागिरी जिल्ह्याचा अहवाल लिहू नये.

गुणकाचं लगे हाथ सांगतो. गाळणीने दबलेला संकेत परत उचलायला काही फाइलींबरोबर गुणक देतात. तो आधीच लावलाय की तुम्ही लावायचा, हे फाइलच्या माहितीपत्रात लिहिलेलं असतं. दोनदा लावला की लाट फुगते. सीएसआरच्या मॅस्कॉनला गुणक लागतच नाही, तरी जेपीएलचा उचलून त्याला लावलेला मी पाहिलाय. शिवाय हे गुणक भूपृष्ठाच्या संगणकीय प्रारूपावरून काढलेले, मुख्यतः ऋतूंच्या लाटेवर बेतलेले असतात. त्या प्रारूपात पंप आणि बोअर नाहीत. त्यामुळे उपशामुळे होणाऱ्या घटीचा कल त्यांनी गुणू नये.

वजाबाकीत सापडला

लातूरचा चोर इथे पकडला गेला.

भूजल काढायची रीत अशी: ग्रेसच्या एकूण साठ्यातून मातीतला ओलावा, पृष्ठभागावरचं पाणी आणि असला तर बर्फ वजा करायचा, उरेल ते भूजल. ओलावा बहुतेक जण नासाच्या जीएलडीएएस या भूपृष्ठाच्या माहितीसंचातल्या नोआ प्रारूपातून घेतात. दोन मीटर खोलीपर्यंत मातीचे चार थर, एकक किलोग्रॅम प्रति चौरस मीटर. पाण्याच्या बाबतीत हेच मिलिमीटर. मॅस्कॉन फाइल मात्र सेंटिमीटरमध्ये. त्याने सेंटिमीटरमधून मिलिमीटर तसेच वजा केले होते. म्हणजे ओलावा दहापट. पावसाळ्यात माती भिजली की दहापट ओलावा वजा, म्हणून 'भूजल' कोसळतं. उन्हाळ्यात माती वाळली की तेच 'भूजल' वर उडतं. भूजलाचा आलेख ओलाव्याच्या आलेखाला आरशात धरल्यासारखा दिसला, तर आधी एकक बघा. नव्वद टक्के वेळा तिथेच निघतं. हा टक्का माझ्या अनुभवाचा, कुठल्या अभ्यासाचा नव्हे.

दहाने भागलं, आलेख सरळ झाला. पण काम संपलं नव्हतं. आता पावसाळ्यानंतरची वाढ फार मोठी दिसू लागली.

कारण नोआला धरणं माहीत नाहीत. महाराष्ट्रासारख्या राज्यात ही बारीक बाब नाही. एकट्या नाथसागराचा (जायकवाडीचा) उपयुक्त साठा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे २.१७ घन किमी. जायकवाडी तळापासून भरलं आणि ते पाणी १.१२ लाख चौरस किमीच्या तुकड्यावर पसरलं असं धरलं, तर थर होतो १.९ सेंटिमीटरचा. धरण वजा केलं नाही की हे सगळं पाणी 'भूजल' म्हणून जमा होतं. माजलगाव, मांजरा, येलदरी, शेजारचं उजनी हे वेगळंच. केंद्रीय जल आयोगाचं साप्ताहिक पत्रक किंवा राज्याचा रोजचा साठा अहवाल घ्या, महिन्याची सरासरी काढा, क्षेत्रफळाने भागा, वजा करा. टीएमसीत असेल तर एका टीएमसीचे २८.३ दलघमी. आणि धरण हद्दीबाहेर पण जवळ असेल, तर त्याच्या वजनाचा काही भाग तुमच्या हद्दीत पाझरतो, हे ध्यानात असू द्या.

याच टप्प्यावर आणखी दोन गोष्टी बघायच्या. पहिली संदर्भकाळाची. ग्रेसच्या मॅस्कॉन फाइलींतला शून्य हा २००४ ते २००९ च्या सरासरीवर बसवलेला असतो. ओलावा आणि धरणसाठा यांतूनही त्यांची त्याच सहा वर्षांची सरासरी वजा करून घ्या. नाहीतर अख्खी रेघ वर-खाली सरकते आणि 'या वर्षी भूजल सरासरीच्या वर' असली वाक्यं अहवालात शिरतात.

दुसरी गोष्ट फसवी आहे, कारण तिच्यात आलेख बिघडत नाही, उलट छान दिसतो. जीएलडीएएसची २.२ ही आवृत्ती घेऊ नका. तिच्यात ग्रेसचा डेटा आधीच मिसळलेला असतो. ग्रेसमधून ग्रेस खाल्लेलं प्रारूप वजा करायचं, हे आपल्याच सावलीशी कुस्ती खेळण्यासारखं. स्वतंत्र ओलावा हवा असेल तर २.१ घ्या, आणि जमलं तर एकाऐवजी दोन-तीन प्रारूपं घेऊन त्यांच्यातला फरक अनिश्चितता म्हणून दाखवा. बाकी, ग्रेसच्या जुन्या आरएल०५ मालिकेला नव्या आरएल०६ ची शेपटी जोडली तर सांध्यावर उडी येते. पूर्ण मालिका एकाच आवृत्तीची घ्या, एवढं पुरे.

विहिरीची बाजूही तपासा

सगळी चूक अवकाशातच असेल असं धरून चालू नका. विहिरीच्या नोंदीही तितक्याच बारकाईने बघाव्या लागतात.

सगळ्यात मोठा गोंधळ मीटर आणि सेंटिमीटरचा. पण हा एककाचा नाही, खडकाचा. मराठवाड्यातले एक काका मला म्हणाले होते, "दोन परस पाणी गेलं आणि तुमचं यंत्र म्हणतंय बोटभर." दोन परस म्हणजे साडेतीन मीटरच्या आसपास. काका खरे, यंत्रही खरं. विहिरीतली पातळी साडेतीन मीटर उतरली म्हणजे जमिनीतून साडेतीन मीटर जाडीचं पाणी गेलं असं होत नाही. खडकात भेगा आणि फोपसा भाग जेवढा, तेवढंच पाणी. झिजलेल्या, सांध्यांच्या बेसॉल्टसाठी भूजल मूल्यांकनात विशिष्ट जलउत्पन्न (खडकाच्या आकारमानातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचं प्रमाण) साधारण २ टक्के धरतात, १ ते ३ च्या पट्ट्यात. साडेतीन मीटर गुणिले ०.०२ म्हणजे ७ सेंटिमीटर. बोटभरच की.

पंजाब-हरियाणाच्या गाळात हाच हिशोब वेगळा येतो. रॉडेल, वेलिकोन्या आणि फॅमिलिएटी यांनी २००९ साली 'नेचर'मध्ये राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली या पट्ट्याची भूजल घट वर्षाला ४ सेंटिमीटर अशी काढली. तिथल्या गाळात पातळीच्या हिशोबाने ती वर्षाला एक-तृतीयांश मीटर होते. तेच ४ सेंटिमीटर आपल्या काळ्या पाषाणात दोन मीटर. म्हणून विहिरीची पातळी ग्रेसच्या बाजूला ठेवण्याआधी तिला विशिष्ट जलउत्पन्नाने गुणा, आणि तो आकडा १ टक्का धरून व ३ टक्के धरून असे दोन्ही निकाल दाखवा. तिप्पट फरक पडतो. लपवू नका.

मग कोरड्या विहिरी. निरीक्षण विहीर आटली की नोंदवहीत त्या वेळची जागा रिकामी राहते किंवा 'कोरडी' लिहिलेलं असतं. संगणक ती ओळ गाळतो आणि उरलेल्या विहिरींची सरासरी काढतो. उरलेल्या म्हणजे पाणी असलेल्या. त्यामुळे नेमक्या दुष्काळाच्या वर्षी सरासरी पातळी सुधारलेली दिसते. कोरडी म्हणजे पातळी किमान विहिरीच्या तळाइतकी खाली, असं धरून ती खोली भरा, किंवा सगळी वर्षं नोंद असलेल्या विहिरीच घ्या. दुसऱ्या पद्धतीत विहिरी फार कमी उरतात, आणि त्याही खोल. मी पहिली वापरतो.

महिनाही जुळवा. केंद्रीय भूजल मंडळाच्या नोंदी वर्षातून चार वेळा होतात: जानेवारी, उन्हाळा, ऑगस्ट, नोव्हेंबर. ग्रेसचं शिखर सप्टेंबरच्या आसपास असतं. सप्टेंबरच्या ग्रेससमोर नोव्हेंबरची विहीर ठेवली तर रब्बीचं पहिलं पाणी देऊन झालेलं असतं. त्या-त्या महिन्याचाच ग्रेस घ्या. आणि या विहिरींत उथळ, खोदलेल्या विहिरी भरपूर असतात. गावातलं पाणी सहाशे फुटांच्या बोअरमधून उपसलं जात असेल तर वरच्या विहिरीला ते लगेच कळत नाही. उपग्रहाला वजन कळतं, ते वरचं असो की खालचं.

अजूनही जुळत नसेल तर

स्वतःच्या जागेवर आणखी डोकं फोडण्याआधी तीच कोडची साखळी, एक अक्षर न बदलता, उत्तर भारतावर चालवा. वर सांगितलेला पट्टा, सुमारे ४.४ लाख चौरस किमी, ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८. छापील उत्तर आहे भूजलात वर्षाला ४.० अधिक-उणे १.० सेंटिमीटर घट, म्हणजे १७.७ अधिक-उणे ४.५ घन किमी. आवृत्ती बदललीय, प्रारूप बदललंय, तेव्हा तंतोतंत येणार नाही. पण खूण उणे यायला हवी आणि आकडा त्या शेजारात पडायला हवा. ०.४ आलं किंवा ४० आलं तर एकक. खूणच उलटी आली तर वजाबाकी. इथे नीट आलं आणि मराठवाड्यात आलं नाही, तर कोड ठीक आहे, तुमची हद्द लहान आहे किंवा धरणं राहिली आहेत. ही चाचणी तासाभराची आहे, आणि मी ती सगळ्यात शेवटी लिहिली असली तरी हल्ली मुलांना पहिल्याच दिवशी करायला लावतो.

परदेशातून हीच साखळी कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीवर चालवणाऱ्या एका मित्राला सगळीकडे रिकामे आकडे मिळत होते. फाइलमधले रेखांश ० ते ३६० असे असतात, त्याने उणे १२० मागितले होते. आपण पूर्वेला राहतो म्हणून हा खड्डा आपल्याला लागत नाही.

लातूरच्या आलेखाचं सांगायचं राहिलं. एकक दुरुस्त केलं, धरणं वजा केली, हद्द वाढवून मराठवाड्याभोवती दोन लाख चौरस किमीच्या जवळ नेली, कोरड्या विहिरी तळाच्या खोलीने भरल्या. २०१५-१६ चा खड्डा दोन्ही रेघांत आला. उंची मात्र जुळली नाही. जलउत्पन्न २ टक्के धरलं तर विहिरींची लाट ग्रेसपेक्षा लहान येते, ३ धरलं तर जवळ येते. त्याने दोन्ही रेघा ठेवल्या, एप्रिल २०१६ ची जागा मोकळी सोडली आणि मथळ्यातून 'लातूर जिल्हा' काढला. परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या मोकळ्या जागेचाच.